त्या दोन श्रेयांकांत मुलांना लिहू द्या : मराठी अभ्यास मंडळांना योग्याकार्ताहून खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
मराठी अभ्यास मंडळे, महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय : पदवीच्या विद्यार्थ्यांचं शास्त्रीय लेखन आणि इंडोनेशियातला अनुभव

स.न.वि.वि.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीच्या सुरुवातीच्या सत्रांत भारतीय भाषेसाठी दोन-दोन श्रेयांक ठेवले आहेत. त्यामुळे विज्ञान आणि वाणिज्य शाखेची मुलंही आता मराठीच्या तासाला बसणार. एरवी ही मुलं बारावीनंतर मराठीत दोन ओळी लिहायलाही बसली नसती. त्या तासांत त्यांच्याकडून काय करून घ्यायचं हे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

मी जावा बेटावर, योग्याकार्तात राहते. हे शहर विद्यापीठांचं आहे. पदवीचे प्रबंध बांधणीला जाण्याआधी वाचायचे, भाषा नीट करून द्यायची, हे माझं काम. जे आपण आता करायला घेतलंय ते इंडोनेशियानं फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर केलं. त्यात त्यांना काय साधलं आणि काय हातून निसटलं हे मला रोज टेबलावरच्या कागदांत दिसतं.

आधी साधलं ते सांगते, कारण ते थोडंथोडकं नाही. 28 ऑक्टोबर 1928 ला बताव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांच्या परिषदेनं शपथ घेतली : एक भूमी, एक राष्ट्र आणि एकतेची भाषा, बहासा इंडोनेशिया. या भाषेचा पाया मलय. मलय ही तेव्हा फार थोड्यांची मातृभाषा होती. सर्वाधिक लोक जावी बोलायचे, तरी या जावा बेटावरच्या भाषेचा आग्रह धरला गेला नाही. सातशेहून अधिक भाषांच्या या देशात व्यापाराच्या बंदरांवरची भाषा राष्ट्राची झाली. तोवर उच्च शिक्षण डचमध्ये होतं. बांडुंगचं तंत्रशिक्षणाचं महाविद्यालय 1920 चं, तेही डच माध्यमाचं. 1942 मध्ये जपानी आले, त्यांनी डच बंद केली आणि शाळा-कचेऱ्यांचा सगळा भार एकदम इंडोनेशियनवर पडला. परिभाषा घडवायला समिती बसली, लेखक-भाषातज्ज्ञ सुतान ताकदिर अलिशाहबाना यांच्यासारखी माणसं त्या कामाला लागली. त्यानंतर हे काम थांबलं नाही. 1972 मध्ये सुधारित लेखननियम आले, 1988 मध्ये मोठा प्रमाण शब्दकोश निघाला, आणि लेखननियमांची अगदी अलीकडची आवृत्ती 2022 ची आहे. (1972 हे साल आपल्याकडेही ओळखीचं : मराठी शुद्धलेखनाच्या 1962 च्या 14 नियमांत आणखी 4 नियमांची भर त्याच साली पडली.)

आज इथे डॉक्टर इंडोनेशियनमध्ये शिकून डॉक्टर होतो. स्थापत्य अभियंता पुलाच्या भारवहनाचा हिशेब इंडोनेशियनमध्ये मांडतो. वकिलीचं शिक्षण, शेतकीचं शिक्षण, अणुभौतिकीचा प्रबंध, सगळं त्याच भाषेत. देशातलं शास्त्रीय लेखन इंडोनेशियनमध्ये करावं असा 2009 चा कायदा आहे आणि 2012 च्या उच्च शिक्षण कायद्यानं बहासा इंडोनेशिया हा विषय धर्म, पांचासिला (देशाची पायाभूत पाच तत्त्वं) आणि नागरिकत्व यांच्या पंक्तीला बसवून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात सक्तीचा केला. ‘मराठीत विज्ञान शिकवता येईल का?’ या प्रश्नावर आपल्याकडे अजून परिसंवाद होतात. तो प्रश्न इथे कुणी विचारला तर लोक नुसते बघत राहतील.

एवढं सगळं झाल्यावर विद्यार्थ्यानं लिहिलेली इंडोनेशियन कशी असते? माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रबंधांपैकी बहुतेकांची पहिली पानं एकमेकांच्या जागी ठेवली तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही. विषय मत्स्यव्यवसायाचा असो की बालमानसशास्त्राचा, ‘लातार बलाकांग’ म्हणजे पार्श्वभूमीच्या प्रकरणाची सुरुवात ‘जागतिकीकरणाच्या या युगात’ किंवा ‘काळाच्या विकासाबरोबर’ अशीच होणार. मग तीन पाठ्यपुस्तकांतल्या तीन व्याख्या, एकाखाली एक. प्रत्येकीच्या आधी ‘अमुक यांच्या मते’. त्या तिन्ही व्याख्या एकमेकींशी जुळतात की भांडतात यावर अक्षर नाही. लिहिणारा स्वतःला ‘साया’, म्हणजे ‘मी’, म्हणत नाही. तो ‘पनुलिस’ असतो, लेखक. कधी ‘पनलिति’, संशोधक. बहुतेक वेळा तोही नसतो. क्रियापद कर्मणी, आणि कुणी केलं ते गुलदस्त्यात.

या लेखनातला एक दोष नीट पाहण्यासारखा आहे. ‘दालाम पनलितियान इनि मंबाहास तन्तांग...’ अशी वाक्यं मी इतकी दुरुस्त केली आहेत की हात आपोआप तिथे जातो. शब्दाला शब्द लावला तर अर्थ होतो ‘या संशोधनात चर्चा करतं याविषयी...’ आता चर्चा कोण करतं? ‘हे संशोधन’ कर्ता झालं असतं, पण त्याच्या आधी ‘मध्ये’ या अर्थाचं ‘दालाम’ लागलं आणि कर्त्याचं अधिकरण झालं. क्रियापद मात्र कर्तरीच राहिलं, आपला कर्ता शोधत. शेवटचा ‘तन्तांग’, म्हणजे ‘विषयी’, तर नकोच होता, कारण ‘मंबाहास’ हे सकर्मक क्रियापद थेट कर्म घेतं. दुरुस्ती सोपी आहे. ‘दालाम’ काढा, नाहीतर क्रियापद कर्मणी करून ‘दिबाहास’ लिहा. दोन्ही विद्यार्थ्याला ठाऊक असतं, परीक्षेत विचारलं की तो बरोबर सांगतो. लिहिताना मात्र चुकतो. कारण लिहिताना त्याला एकाच वेळी दोन गोष्टी साधायच्या असतात : काहीतरी म्हणायचं आणि ते आपण म्हटलं असं दिसू द्यायचं नाही. कर्ता लपवता लपवता तो वाक्यातून पडूनच जातो.

अशा चुकांच्या याद्या इथे सर्वांना पाठ आहेत. ‘आदाला मरुपाकान’, म्हणजे ‘आहे’ या अर्थाची दोन क्रियापदं शेजारी-शेजारी. ‘पारा सिस्वा-सिस्वा’, म्हणजे अनेकवचन दोनदा. ‘जिथे’ किंवा ‘ज्यात’ म्हणून सर्रास घुसडलेला ‘दिमाना’, तोही जोडून लिहिलेला. ऑक्टोबर हा भाषेचा महिना; त्या महिन्यात या याद्यांवर व्याख्यानं होतात, भित्तिपत्रकं लागतात. पुढच्या वर्षी तेच दोष पुन्हा, जसेच्या तसे. आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीस काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

समारांग शहराच्या पूर्वेला दमाक जिल्ह्यात सायुंग नावाचा तालुका आहे. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरची ही जमीन खचते आहे आणि भरतीचं पाणी, ज्याला इथे ‘रोब’ म्हणतात, घराघरांत शिरतं. तिथल्या एका मुलीचा प्रबंध माझ्याकडे आला. विषय : जोती उंच करण्यावर कुटुंबं किती खर्च करतात. विषय तिच्या घरातलाच होता. बोलता बोलता तिनं सांगितलं की पाणी वाढलं की भराव घालून घराची जमीन वर घेतात, पण छप्पर वर घ्यायला पैसा नसतो. त्यामुळे घराची उंचीच कमी होत जाते. तिच्या आजीच्या घराची खिडकी आता गुडघ्याशी आली आहे आणि दारातून आत जाताना मोठ्या माणसाला कंबरेत वाकावं लागतं. तिनं गावातल्या घरांत जाऊन जमिनीपासून आढ्यापर्यंतची उंची टेपनं मोजली होती, कुठल्या साली किती भराव घातला ते विचारून लिहून घेतलं होतं. इतकं चांगलं काम मी फार क्वचित पाहिलं आहे.

आणि प्रबंधाचं पहिलं वाक्य काय होतं? ‘काळाच्या विकासाबरोबर पर्यावरणीय समस्या अधिकाधिक गुंतागुंतीच्या होत चालल्या आहेत.’ मग पर्यावरणाच्या व्याख्या. सायुंगचं नाव यायला कितीतरी पानं उलटावी लागली. मोजमापांचा तक्ता परिशिष्टात. वाकून आत जायची गोष्ट कुठेच नाही. मी विचारलं, हे का लिहिलं नाहीस? ती म्हणाली, ‘ते इल्मिया नाही ना, बु.’ इल्मिया म्हणजे शास्त्रीय, बु म्हणजे बाई.

तिला असं वाटावं हे मला फार लागलं. आढ्याची उंची टेपनं मोजणं शास्त्रीय नाही, आणि कुठल्याही गावाला, कुठल्याही सालाला लावता येईल असं वाक्य मात्र शास्त्रीय? मोजमापांचा तक्ता चौथ्या प्रकरणात घ्यायला तिच्या मार्गदर्शकांनी परवानगी दिली. पहिलं प्रकरण होतं तसंच राहिलं, कारण विभागाचा साचा ठरलेला होता.

ही समजूत मुलं घरून घेऊन येत नाहीत. ती विद्यापीठात लागते. कशी लागते ते सांगते, कारण आपल्या दोन श्रेयांकांचा प्रश्न इथेच येतो.

इथला सक्तीचा भाषेचा विषयही दोन-तीन श्रेयांकांचाच असतो आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षात उरकतो. मोठ्या वर्गात सगळ्या विद्याशाखांची मुलं एकत्र. आधी लेखननियम : मोठं अक्षर कुठे, स्वल्पविराम कुठे, ‘दि’ हा उपसर्ग जोडून कधी आणि शब्दयोगी म्हणून तोडून कधी. मग ‘कालिमात एफेक्तिफ’, म्हणजे नेमकं, पाल्हाळ नसलेलं वाक्य. मग परिच्छेदाचे प्रकार, संदर्भ देण्याच्या पद्धती. परीक्षेत चुकीची वाक्यं देतात, दुरुस्त करायला लावतात. या सगळ्यात विद्यार्थ्यानं स्वतःचं म्हणणं स्वतःच्या वाक्यांत किती वेळा मांडलं आणि ते कुणी वाचून ‘हे मला कळलं नाही, पुन्हा लिही’ म्हटलं? फार थोड्या वेळा.

मग मधली वर्षं. प्रत्येक विषयात ‘मकाला’, म्हणजे निबंधवजा टिपण, सादर करायचं असतं, पण बहुतेकदा गटानं. चौघांत वाटणी होते : एकानं प्रस्तावना, दोघांनी मधला भाग, एकानं निष्कर्ष. आदल्या रात्री ते एका फाइलीत चिकटवलं जातं. ज्यानं निष्कर्ष लिहिला त्यानं मधला भाग वाचलेला नसतो. वर्गात पडद्यावर मुद्दे दाखवून सादरीकरण होतं, शिक्षक गुण देतात, कागद कपाटात जातो.

आणि चौथ्या वर्षी अचानक ‘स्क्रिप्सी’, पदवीचा प्रबंध. पाच प्रकरणं, शंभराच्या आसपास पानं, एकट्यानं. तोवर ज्यानं एकट्यानं पाच पानं सलग लिहिलेली नाहीत तो काय करणार? वरच्या वर्गाच्या मुलाचा प्रबंध आणतो आणि त्याचा सांगाडा उचलतो. त्यानं तसाच आपल्या आधीच्याचा उचललेला असतो. ‘जागतिकीकरणाच्या या युगात’ हे वाक्य असं पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं आहे.

मार्गदर्शकाच्या लाल शाईला या सगळ्यात दिसतं काय? समास. डावीकडे आणि वर चार सेंटिमीटर, उजवीकडे आणि खाली तीन. ‘चार-चार-तीन-तीन’ हे इथल्या कुठल्याही पदवीधराला झोपेतून उठवून विचारा. त्या खालोखाल संदर्भसूचीतला स्वल्पविराम. मार्गदर्शकांना मी दोष देत नाही. एकेकाकडे इतके विद्यार्थी असतात की शंभर पानांतला युक्तिवाद तपासायला सवडच नसते. समास मात्र पट्टी लावून मिनिटात तपासता येतो. जे तपासलं जातं ते विद्यार्थी सांभाळतो, बाकीचं सोडून देतो. विद्यापीठांभोवतीच्या गल्ल्यांत ‘फोतोकोपी, जिलिद’ अशा पाट्यांची दुकानं असतात, छायाप्रती आणि बांधणीची. तिथल्या पोऱ्यालाही समास बरोबर आहे की नाही हे एका नजरेत कळतं.

त्यात उचलेगिरी तपासणाऱ्या प्रणालींनी भर घातली. ठरावीक टक्क्यांहून जास्त मजकूर जुळला की प्रबंध परत. हेतू चांगला होता. पण मुलं व्याख्येतला एकेक शब्द काढून त्या जागी समानार्थी शब्द बसवू लागली. मूळ वाक्य निदान कळत तरी होतं. आता आलेलं वाक्य प्रणालीतून सुटतं आणि वाचकाच्या डोक्यावरून जातं. अलीकडे मजकूर लिहून देणारी यंत्रं आली, आणि ती हा साचा विद्यार्थ्यापेक्षा सफाईनं लिहितात. त्यात मला नवल वाटत नाही. कुणीही लिहिलं तरी चालेल अशीच वाक्यं आपण मुलांकडून मागत असू, तर ती यंत्रानं लिहिली काय आणि मुलानं लिहिली काय.

2023 मध्ये इथल्या शिक्षण मंत्रालयानं पदवीसाठी स्क्रिप्सीच हवी ही अट सैल केली. त्याऐवजी प्रकल्प किंवा नमुना-उपकरणही चालेल, विभागानं ठरवावं. काहींनी सुटकेचा श्वास टाकला. मला ते उत्तर वाटत नाही. चार वर्षांत जे शिकवलं नाही त्याची परीक्षाच काढून टाकली, तर शिकवायचं राहिलं ते राहिलंच.

एक स्पष्टीकरण इथे नेहमी ऐकू येतं. जावी माणूस भिडस्त, वडीलधाऱ्यांपुढे ठाम बोलणं त्याच्या संस्कारात नाही, म्हणून त्याचं लेखनही असं आडवळणाचं. मला हे अजिबात पटत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या कायद्यातल्या बदलांविरुद्ध आणि नव्या दंडसंहितेच्या मसुद्याविरुद्ध देशभरचे विद्यार्थी रस्त्यावर आले. योग्याकार्तात गेजायान रस्ता त्यांनी भरून टाकला. त्यांच्या हातातली पुठ्ठ्यावरची वाक्यं, त्यांच्या मागण्यांची पत्रकं यांत कर्ता कुठेही हरवलेला नव्हता. कुणी काय करावं, का करावं, सगळं स्वच्छ. तीच मुलं दुसऱ्या दिवशी प्रबंध उघडतात आणि कर्मणी प्रयोगाआड जाऊन बसतात. भाषाही कमी पडत नाही. ‘तेंपो’ साप्ताहिक 1971 मध्ये सुरू झालं, 1994 मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली, 1998 मध्ये ते पुन्हा निघालं. त्यातला शोधवृत्तान्त वाचला की कळतं, ही भाषा किती थेट, किती चपळ होऊ शकते.

दुसरी एक बाजू आहे आणि ती मी मनापासून मान्य करते. अनेकांच्या घरात प्रबंध लिहिणारं हे पहिलंच माणूस. घरी जावी, मित्रांत बोलीतली इंडोनेशियन, आणि ही प्रमाण शास्त्रीय भाषा म्हणजे जवळजवळ तिसरी भाषा. अशा मुलाला साचा हा आधार असतो. ‘असं सुरू कर, मग असं लिही’ हे कुणीतरी सांगितलं म्हणून तो निदान शेवटच्या पानापर्यंत पोचतो. तो आधार काढून घेऊन त्याला ‘आता मोकळेपणानं लिही’ म्हणणं क्रूरपणाचं होईल. साचा राहू द्या. पण त्या साच्यात त्याचं स्वतःचं काय घालायचं आणि ते कसं मांडायचं, हे त्याला पहिल्या वर्षापासून शिकवायला हवं.

आता आपल्याकडे वळते. सुट्टीत पुण्याला येते तेव्हा मराठीतले लघुप्रबंध आणि शोधनिबंध मुद्दाम मागून वाचते. वाचताना दर वेळी वाटतं, हे मी योग्याकार्तातच वाचते आहे की काय. ‘आजच्या जागतिकीकरणाच्या युगात...’ ‘प्रस्तुत संशोधनात सदर विषयाचा अभ्यास करण्यात आलेला आहे.’ ‘असे दिसून येते.’ ‘असे म्हणता येईल.’ कुणाला दिसून येतं? कुणाला म्हणता येईल? ‘संशोधकाने’ कोण, तर मुखपृष्ठावर जिचं नाव आहे तीच. इंडोनेशियनचा आणि मराठीचा काडीचा संबंध नाही, दोन्हींची वाक्यरचना वेगळी, तरी विद्यार्थ्याच्या लेखनाला जडलेलं दुखणं एकच. म्हणून मी म्हणते की हे दुखणं भाषेचं नाही. आपण काय शिकवतो आणि कशाला गुण देतो, त्यातून ते येतं.

सायुंगच्या मुलीसारखी मुलं आपल्याकडेही आहेत. कृषी महाविद्यालयातल्या मुलाला घरी बापाकडून वाफसा ठाऊक असतो, चोपण आणि मुरमाड जमिनीतला फरक पायाला कळतो. प्रबंधात तो ‘मृदेतील आर्द्रतेचे योग्य प्रमाण’ लिहितो आणि वाफशाचं नाव घेत नाही. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलीला तर आपण तोंड उघडायच्या आतच सांगून ठेवलेलं असतं की तुझी भाषा इथे चालायची नाही. तिनं प्रमाण मराठीत लिहावं, जरूर लिहावं. पण तिचं निरीक्षण बोलीतून प्रमाणात आणताना ते निरीक्षणच गळून पडू नये, हे पाहणं शिक्षकाचं काम, आणि त्यासाठी शिक्षकाला वेळ देणं आपलं.

माझी विनंती अशी. या दोन श्रेयांकांचा बहुतेक वेळ मुलांच्या स्वतःच्या लेखनाला द्या. ऱ्हस्व-दीर्घ, अर्जाचे नमुने, सारांशलेखन, म्हणी हे सगळं दहावीपर्यंत झालेलं असतं. जिथे कच्चं राहिलं असेल तिथे मुलाच्या वहीतलं वाक्य हाती घेऊन ते दुरुस्त करा, वेगळा घटक नको. रसायनशास्त्राच्या मुलीनं या आठवड्यात प्रयोगशाळेत जे केलं ते अर्ध्या पानात लिहावं : काय अपेक्षा होती, काय झालं, का झालं असावं. वाणिज्यच्या मुलानं गावातल्या दूध संस्थेचा ताळेबंद वाचून त्यात काय दिसलं ते लिहावं. विषय त्यांचा, शिक्षक भाषेचा. शिक्षकाला रसायनशास्त्र येत नाही ही अडचण नाही, उलट सोय आहे. ज्याला विषय येत नाही त्याला समजेल असं लिहायचं आहे.

गुण पहिल्या खर्ड्याला देऊ नका. दुसऱ्याला द्या. परत आलेला कागद पुन्हा लिहायचा असतो हे मुलाला एकदा कळलं की निम्मं काम झालं. एकेका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं असतात, सगळं तपासणार कोण, असं आपण म्हणाल, आणि ते खरं आहे. म्हणूनच अर्धं पान. दर तासाला चार-पाच कागद सर्वांसमोर वाचावेत, नाव झाकून. कुठे कळलं, कुठे अडलं, हे वर्गानंच सांगावं. योग्याकार्तात एका विभागातल्या शिक्षिकेनं हे सुरू केलं आहे. तिच्या वर्गातली मुलं पुढे प्रबंध घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा मला त्यांचं पहिलं पान वाचूनच ओळखू येतं.

‘मी’ लिहायला परवानगी द्या. ज्या विभागांच्या सूचनांत प्रथमपुरुषी सर्वनाम टाळावं असं असेल, तिथे ते वाक्य काढून टाकायला आपण त्यांना सांगू शकता. ‘मी चाळीस घरं मोजली’ असं लिहिलं की चाळीसच का, कुठली, कशी, हे परीक्षक विचारतो आणि मुलाला उत्तर द्यावं लागतं. ‘मोजमाप करण्यात आले’ या वाक्याला कुणी काही विचारत नाही. वस्तुनिष्ठता पद्धत उघड करण्यात असते. सर्वनाम गाळल्यानं ती येत नाही.

आणि कृपा करून हे सगळं मराठी विभागाच्या अंगावर टाकून इतर मंडळांना मोकळं सोडू नका. इथे नेमकं तेच झालं. भाषेचा विषय पहिल्या वर्षात ‘झाला’ म्हणून बाकीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्याचं वाक्य वाचणं सोडून दिलं. भूगोलाच्या, अर्थशास्त्राच्या, प्राणिशास्त्राच्या अभ्यास मंडळांशी बोला. त्यांच्या अंतर्गत मूल्यमापनात सत्रातून एकदा तरी, एकट्यानं लिहिलेलं आणि परत पाठवून पुन्हा लिहून घेतलेलं एक टिपण असावं, एवढंच मागा. प्रबंधांच्या किमान पानांची अट जिथे असेल तिथे ती जावी. पानं भरायची असली की व्याख्या आणल्या जातात. विद्यार्थ्यांनी लिहिलेले चांगले उतारे त्यांच्या परवानगीनं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलाला सांगाडा उचलायचाच असेल तर निदान चांगला सांगाडा मिळेल.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं, अभियांत्रिकीची पुस्तकं मराठीत येऊ लागली. या सगळ्याचा मला इतक्या दूर बसून अभिमान वाटतो. इंडोनेशियाकडे हे सगळं आहे, आणखीही आहे : कोश, कायदा, परिभाषा, सक्ती; 2023 मध्ये युनेस्कोच्या महासभेनं त्यांची भाषा आपल्या अधिकृत भाषांत घेतली. तरी सायुंगच्या त्या मुलीला आढ्याची उंची आधी परिशिष्टात ढकलावीशी वाटली, कारण रोजच्या वर्गात तिचं वाक्य कुणी वाचत नव्हतं.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा ही विनंती. ज्या मंडळांनी असा लेखनाचा अभ्यासक्रम आधीच आखला असेल त्यांनी तो मला अवश्य पाठवावा. इंडोनेशियनमध्ये अनुवाद करून तो इथल्या भाषाशिक्षकांना देण्याची जबाबदारी माझी. विद्यार्थ्यांच्या परवानगीनं जमवलेले, दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे काही इंडोनेशियन परिच्छेद मराठी अर्थासह माझ्याकडे तयार आहेत. शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी हवे असतील तर कळवावे, लगेच पाठवते.

कळावे,

आपली विश्वासू,
योग्याकार्तातील एक मराठी संपादक